खाऱ्या पाण्यांतील माशांचे पांढरे ठिपके

समुद्रांतील रंगीत मासा कांचेच्या टाकींत आणून सोडला म्हणजे पाहणाराला वाटतें कीं, या जीवाला आतां कसलीच भीति उरली नाहीं. मोठा मासा त्याला गिळावयास येत नाहीं, लाटांचा मारा नाहीं, उपासमार नाहीं. वेळच्या वेळीं खाद्य मिळतें, पाणी गाळलेलें असतें. तथापि अशा सुखवस्तु टाकींतले मासे कित्येक वेळां महिन्याभरांत एकामागून एक मरून जातात, आणि घरांतील मंडळींस त्याचें कारण उमगत नाहीं. दोष कधीं पाण्याला दिला जातो, कधीं खाद्याला, कधीं विकणाऱ्याला. खरा अपराधी मात्र साध्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो, आणि तो बहुधा माशाबरोबरच घरांत आलेला असतो.

मुंबईंत १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून पुष्कळ मराठी कुटुंबांना प्रवाळखडकांतील माशांचे रंग प्रथम पाहावयास मिळाले. पुढें कृत्रिम समुद्रक्षार डब्यांतून मिळूं लागला, आणि समुद्रापासून शंभर कोस दूर असलेल्या घरांतहि खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणें शक्य झालें. हौस वाढली त्या मानानें रोगाचें ज्ञान वाढलें नाहीं. म्हणून अशा टाकींत सर्वांत अधिक आढळणारा जो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, तो काय आहे, कसा ओळखावा आणि कसा हटवावा, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

हा रोग एका एकपेशीय परोपजीवी प्राण्यामुळें होतो. जपानांत सिकामा यांनीं १९३७ सालीं त्याची नोंद केली, आणि ई. एम. ब्राउन यांनीं १९५१ सालीं त्याला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स' असें शास्त्रीय नांव दिलें. पहिल्या शब्दाचा अर्थ 'ज्याचें केंद्र लपलेलें आहे तो' आणि दुसऱ्याचा अर्थ 'खाज आणणारा'. नांव अन्वर्थक आहे. कारण रोगी मासा वाळूवर व दगडांवर अंग घासूं लागतो, हीच पुष्कळदां रोगाची पहिली खूण असते. गोड्या पाण्यांतील माशांनाहि पांढरे ठिपके येतात, परंतु त्यांचें कारण असलेला प्राणी निराळा आहे. दोघांचें रूप व आयुष्यक्रम सारखा दिसल्यामुळें पूर्वीं त्यांना सख्खे भाऊ मानीत असत. अलीकडच्या संशोधनानें तें नातें खोटें ठरविलें. म्हणून गोड्या पाण्यांतील टाकीसाठीं सांगितलेले उपाय, उदाहरणार्थ पाण्यांत थोडें मीठ टाकणें किंवा पाणी कोमट करणें, येथें निरुपयोगी होत.

या प्राण्याच्या आयुष्याच्या चार अवस्था आहेत, आणि त्या नीट लक्षांत ठेवल्याशिवाय कोणताहि उपाय कां लागूं पडतो व कां पडत नाहीं, हें कळणार नाहीं.

पहिल्या अवस्थेंत तो माशाच्या अंगावर असतो. अधिक बरोबर सांगावयाचें तर, कातडीच्या बाहेरच्या पापुद्र्याखालीं असतो. तेथें तो पेशी व रस खाऊन तीन ते सात दिवसांत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढतो. मिठाचा कण चिकटल्यासारखा जो पांढरा ठिपका दिसतो, तो हाच. वर माशाचाच पापुद्रा असल्यामुळें पाण्यांतील कोणतेंहि औषध त्याला या अवस्थेंत सहसा पोंचत नाहीं.

दुसऱ्या अवस्थेंत पोट भरलेला हा प्राणी माशाला सोडून तळाशीं उतरतो. बहुधा हें अंधारांत घडतें. कांहीं तास तो वाळूवर, दगडावर सरपटतो आणि एका जागीं चिकटून स्वतःभोंवतीं टणक कोश बांधतो.

तिसरी अवस्था कोशाची. कोशाच्या आंत एकाचे दोन, दोहोंचे चार असें विभाजन होऊन कधीं कधीं दोनशेंपर्यंत पिलें तयार होतात. बहुतेक कोश चार ते आठ दिवसांत फुटतात. परंतु कांहीं तीन-चार आठवडे, आणि क्वचित् त्याहूनहि अधिक काळ, तसेच पडून राहतात. कोशावर औषधांचा परिणाम होत नाहीं म्हटलें तरी चालेल.

चौथ्या अवस्थेंत कोशांतून बाहेर पडलेलीं पिलें पोहत पोहत मासा शोधूं लागतात. एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तीं मरतात. हीं पिलें देखील बहुधा रात्रीच्या उत्तरार्धांत बाहेर पडतात. त्या वेळीं मासे तळाजवळ, दगडांच्या आडोशाला निपचित विसावलेले असतात, आणि त्याच तळावर कोश फुटत असतात. पिलांना फार दूर जावें लागत नाहीं.

आतां समुद्र व टाकी यांतील भेद पाहा. समुद्रांत कोश फुटतो तेव्हां मासा कोठच्या कोठें गेलेला असतो. दोनशें पिलांपैकीं एखाद्यालाच आसरा मिळतो, आणि माशाच्या अंगावर दोनचार ठिपक्यांपलीकडे मजल जात नाहीं. टाकींत मात्र मासा कोठें जाणार? समजा, दोनशें पिलांतील केवळ दहांना मासा सांपडला. एका परोपजीवीचे पहिल्या फेरींत दहा झाले, दुसऱ्या फेरींत शंभर, तिसऱ्या फेरींत हजार. एका फेरीस सुमारें दीड आठवडा धरला तर महिन्याभरांत हजारांचा आंकडा गांठला जातो. एवढ्यांनीं कातडीला व कल्ल्यांना भोंकें पाडल्यावर माशाला श्वास घेणें अशक्य होतें. शिवाय शरीरांतील क्षारांचा समतोल बिघडतो, आणि जखमांतून इतर जंतूंचा शिरकाव होतो.

घरांतील मंडळींची फसगत होते ती याच फेऱ्यांमुळें. पहिल्या फेरींत दहाबारा ठिपके दिसतात. कोणी कांहीं औषध सुचवितो, तें पाण्यांत ओततात, आणि तीनचार दिवसांत ठिपके नाहींसे होतात. औषधाची वाहवा होते. परंतु ठिपके गेले ते औषधानें नव्हे. परोपजीवीचें पोट भरलें म्हणून तो उतरून गेला. आठवड्यानें तोच शेंकडोंच्या संख्येनें परत येतो. हिवतापांत असेंच घडतें. पाळीचा ताप उतरला म्हणजे रोगी बरा झाला असें पूर्वीं वाटे. पण जंतु रक्तांतच असत, आणि ठराविक दिवशीं पुन्हां थंडी वाजून येई. रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिवतापाच्या जंतूची अवस्था शोधून काढली, तेव्हां जंतूच्या आयुष्याचा मार्ग समजला, आणि तो मार्ग कोठें अडवावा हेंहि समजलें. माशांच्या रोगाचेंहि तसेंच आहे.

रोगाची परीक्षा क्रमानें करावी. प्रथम पाणी तपासावें. टाकींत अमोनिया वाढला असतां किंवा प्राणवायु कमी पडला असतांहि मासे धापा टाकतात, पृष्ठभागाशीं येतात. अशा वेळीं औषध घालणें म्हणजे बुडत्याच्या पायांत धोंडा बांधणें होय. पाणी निर्दोष असेल तर माशाचें वर्तन पाहावें. अंग घासणें, पर आंखडून धरणें, खाण्याकडे पाठ फिरविणें, कोपऱ्यांत तोंड घालून राहणें, या सर्व खुणा आहेत. मासा निरोगी असतांनाच त्याचे कल्ले एका मिनिटांत किती वेळां उघडमीट करतात हें मोजून वहींत लिहून ठेवावें. पुढें शंका आली कीं पुन्हां मोजावें. डोळ्यांना ठिपका दिसण्याआधींच हा आंकडा वाढलेला असतो, कारण कल्ल्यांतील परोपजीवी बाहेरून दिसत नाहींत.

नंतर ठिपक्यांचें रूप पाहावें. मिठाच्या कणाएवढे, सुटे, उठावदार आणि दोन-तीन दिवसांत जागा बदलणारे ठिपके असले तर क्रिप्टोकॅरिऑनचा संशय घ्यावा. परंतु याचे सोबती पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिला व सर्वांत घातक सोबती म्हणजे 'अमायलोओडिनियम ओसेलाटम'. याचें वर्णन वर सांगितलेल्या ब्राउन यांनींच १९३१ सालीं केलें. यांत ठिपके मिठासारखे नसून पिठासारखे, किंचित् सोनेरी धुळीसारखे असतात. म्हणून पाळणारे याला मखमली रोग म्हणतात. अंधाऱ्या खोलींत बाजूनें विजेची बत्ती धरली म्हणजे ही धूळ चमकते. परंतु कित्येकदां अंगावर धूळ दिसण्यापूर्वींच कल्ले निकामी होऊन मासा एक-दोन दिवसांत मरतो. याच्या एका कोशांतून २५६ पर्यंत पिलें निघूं शकतात.

दुसरा 'ब्रुकलिनेला होस्टिलिस'. लोम व नायग्रेली यांनीं १९७० सालीं याचें वर्णन केलें. क्लाउन माशांवर हा विशेष आढळतो. यांत सुटे ठिपके नसतात. अंगावरील बुळबुळीत लेप जाड होऊन त्याचे पापुद्रे लोंबूं लागतात. याला कोशाची अवस्थाच नाहीं. माशाच्या अंगावरच तो एकाचे दोन होत वाढतो, म्हणून घरच्या माणसांना विचार करावयासहि थोडेच दिवस मिळतात.

तिसरे सोबती म्हणजे चपटे कृमि. हे पारदर्शक असल्यामुळें अंगावर असूनहि दिसत नाहींत. डोळे गढूळ होतात आणि मासा एकसारखा अंग घासतो. चौथा रोग परोपजीवीचा नव्हेच. परांच्या कडेला फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ दिसली, ती आठवडेच्या आठवडे तेथेंच राहिली, आणि मासा खातोपितो आहे, तर तो लिंफोसिस्टिस नांवाचा विषाणूचा रोग असतो. त्याला औषध नाहीं. चांगल्या निगेनें तो बहुधा आपोआप जातो. अशा माशाला विषारी औषधांत बुडविणें म्हणजे निरपराध्याला शिक्षा करणें होय.

शंका उरली तर निर्णय सूक्ष्मदर्शक यंत्राचा घ्यावा. जिवंत माशाच्या अंगावरील लेप कांचेच्या पट्टीच्या कडेनें अलगद खरवडून, समुद्रपाण्याच्या एका थेंबांत घालून, शाळेंतील साध्या यंत्राखालींहि तो पाहतां येतो. क्रिप्टोकॅरिऑन गोलसर, अपारदर्शक आणि सावकाश गरगर फिरणारा दिसतो. अमायलोओडिनियम तपकिरी, पेरूच्या आकाराचा आणि निश्चल असतो. ब्रुकलिनेला घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा व चपळ असतो. मासा मरून बराच वेळ झाला असेल तर तपासणी व्यर्थ आहे, कारण यजमान मेला कीं हे पाहुणे लवकरच निघून जातात.

आतां उपचारांकडे वळूं. चार अवस्थांपैकीं पोहणारी पिलें हीच दुबळी जागा आहे. तेवढ्या अवस्थेंतच शत्रु उघड्यावर असतो, म्हणून औषध पाण्यांत सतत, शेवटचा कोश फुटेपर्यंत, राहिलें पाहिजे.

पहिला उपाय तांब्याचा. द्राक्षांच्या मळ्यांत ज्या मोरचुदाचें द्रावण फवारतात, त्यांतील तांबें पिलांना मारक आहे. पाण्यांतील मुक्त तांब्याचें प्रमाण दर लिटरमागें ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकें, निदान तीन आठवडे, कायम राखावें लागतें. शंभर लिटर पाण्याला वीस मिलिग्रॅम तांबें, म्हणजे शुद्ध मोरचूद सुमारें ऐशीं मिलिग्रॅम. नखावर मावेल त्याहूनहि कमी. प्रमाण थोडें घटलें तर रोग हटत नाहीं, थोडें वाढलें तर मासाच मरतो. वाळू व प्रवाळाचे दगड तांबें शोषून घेतात, त्यामुळें एकदां मोजून टाकलें म्हणजे काम झालें असें होत नाहीं. तांबें मोजण्याचें साधन जवळ नसेल त्यानें हा उपाय करूंच नये. तसेंच कोळंबी, शंख, समुद्रफूल इत्यादि पृष्ठवंशहीन प्राण्यांना तांबें विष आहे. म्हणून हा उपचार मुख्य टाकींत न करतां, वाळूदगड नसलेल्या वेगळ्या टाकींतच करावा.

दुसरा उपाय खारेपणा कमी करण्याचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्ताचा खारेपणा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असल्यामुळें पाणी बरेंच पातळ केलें तरी बहुतेक माशांना तें सोसतें. कोशांना मात्र सोसत नाहीं. दोनतीन दिवसांत हळूहळू गोडें पाणी मिसळून क्षार लिटरला १५-१६ ग्रॅमवर आणावेत, तीन ते चार आठवडे तेथेंच ठेवावेत, आणि नंतर त्याहूनहि सावकाश पूर्ववत् करावेत. या परोपजीवीचे कांहीं वंश कमी खारेपणांतहि तग धरतात, आणि मखमली रोगावर तर हा उपाय चालतच नाहीं. निदान आधीं पक्कें करावें असें जें सांगितलें, त्याचें एक कारण हेंच आहे.

तिसरा उपाय औषधाचा नाहींच, केवळ गणिताचा आहे. एलात येथें तांबड्या समुद्राच्या कांठीं काम करणाऱ्या संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत तो मांडला. माशाला दर तीन दिवसांनीं एका टाकींतून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून भरलेल्या टाकींत न्यावयाचें. अशीं चार स्थलांतरें करावयाचीं. परोपजीवी उतरून कोश बांधतो, पण तो कोश फुटण्यापूर्वींच मासा तेथून निघालेला असतो. मागें राहिलेलें पाणी फेकून टाकी पूर्ण वाळविली कीं कोश मरतात. दोन साध्या टाक्या, हवेचा पंप आणि दिवस मोजण्याची शिस्त एवढ्यावर हें काम होतें; घरगुती माणसाला हाच मार्ग पुष्कळदां सर्वांत निर्धोक ठरतो. प्रत्येक टाकीचें जाळें व नळी मात्र वेगळी ठेवावी. एका ओल्या जाळ्यानें सारी शिस्त फुकट जाते.

अमायलोओडिनियमवर तांबें किंवा क्लोरोक्विन वापरतात. हिवतापाचें औषध येथेंहि उपयोगीं पडावें ही मौजेची गोष्ट आहे. ब्रुकलिनेलावर फॉर्मॅलिनचें स्नान देतात. परंतु तें माणसालाहि अपायकारक असल्यामुळें पशुवैद्याच्या किंवा जाणत्याच्या देखरेखीखालींच द्यावें. चपट्या कृमींवर समान तपमानाच्या गोड्या पाण्यांत पांच मिनिटांचें स्नान पुरतें. कृमि पांढरे होऊन गळून पडतात. त्यांचीं अंडीं टाकींत चिकटून राहतात, म्हणून आठवड्यानें तें पुन्हां द्यावें लागतें. हेंच गोड्या पाण्याचें स्नान क्रिप्टोकॅरिऑनवर व्यर्थ जातें, कारण तो पापुद्र्याखालीं सुरक्षित असतो. खाद्याला लसूण चोळल्यानें हा रोग बरा होतो, हा समजहि सिद्ध झालेला नाहीं. इतर माशांचें अंग साफ करणारा लहान मासा टाकींत सोडतात, तोहि कातडीच्या वरचे कीटक खातो, खालचे नाहीं.

सर्व मासे उपचारासाठीं काढल्यावर मुख्य टाकी रिकामी ठेवावी लागते. आंतील कोश फुटून पिलें निराधार मेलीं पाहिजेत. त्यास निदान सहा आठवडे द्यावे. फार उशिरां फुटणाऱ्या कोशांच्या नोंदी लक्षांत घेऊन सावध पाळणारे ७६ दिवस देतात. घाईनें मासे परत सोडले तर सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून करावा लागतो.

रोगांतून वांचलेल्या माशाला कांहीं महिने प्रतिकारशक्ति येते. अशा माशावर ठिपका दिसत नाहीं, पण एखाददुसरा परोपजीवी त्याच्या कल्ल्यांत वस्ती करून राहूं शकतो. मग नवा मासा आणला कीं तोच मरतो, जुने धडधाकट राहतात, आणि दोष नव्या माशावर येतो. वस्तुतः रोग घरांतच होता.

यावरून प्रतिबंधाची रीत आपोआप निघते. नवा मासा आणला कीं त्याला निदान तीस दिवस वेगळ्या टाकींत ठेवावें, रोज पाहावें, कल्ले मोजावे, आणि मगच इतरांत सोडावें. मासा आणलेलें दुकानाचें पाणी टाकींत ओतूं नये. नवा दगड किंवा शंख आणला तर त्यावर कोश असूं शकतो. तोहि निदान सहा आठवडे माशांपासून दूर ठेवावा. मासा निवडतांना माणसानें वाढविलेला घ्यावा. क्लाउन माशांची पैदास तामिळनाडूंतील मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रानें यशस्वी केली आहे, आणि असे मासे खडकांवरून धरून आणलेल्या माशांपेक्षां टाकीला अधिक सरावलेले असतात. जिवंत प्रवाळ व सागरी घोडे यांना मात्र २००१ पासून भारतीय वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे; ते बाळगण्याचा मोह धरूं नये.

एक वेगळी टाकी आणि तीस दिवसांची वाट पाहणें यांस खर्च थोडा आहे. तो टाळला तर किंमत माशांना द्यावी लागते. मासा ओरडत नाहीं, विव्हळत नाहीं. त्याचें दुखणें सांगणारी भाषा म्हणजे त्याच्या कल्ल्यांची हालचाल आणि अंगावरचे ते बारीक ठिपके. ज्यानें त्याला समुद्रांतून काढून चार कांचांच्या आंत ठेवलें, त्याला ती भाषा वाचतां आलीच पाहिजे.